सेपाच्या हेल्वेचा तांबडा

किह्नू बेटावर बाईचा घागरा पाहिला की तिच्या घरची खुशाली वेगळी विचारावी लागत नाही. लोकरी पट्ट्यांत तांबडा ठळक असेल तर सारे सुखरूप आहे. घरातले कुणी गेले असेल तर काळा आणि निळा. दुःख ओसरते तसतसे पुढच्या घागऱ्यांत तांबडे पट्टे वाढत जातात. त्यामुळे सेपा घराण्याच्या हेल्वेने बोटीवरच्या स्वयंपाकघरातली नोकरी सोडली आणि झाडपाल्याने रंगवलेली लोकर विकण्याचे ठरवले, तेव्हा बेटावरच्या बायकांनी तिला एकच प्रश्न विचारला: तांबडा टिकेल का?

दुकानातला रासायनिक तांबडा टिकत होता, याबद्दल वाद नव्हता. पण त्या रंगाच्या पुड्यांचे उकळलेले पाणी आईच्या अंगणात जिथे ओतले जाई तिथे गवत उगवत नसे, हे हेल्वेने लहानपणापासून पाहिले होते. तिने बटाट्याच्या वाफ्यात मंजिष्ठेच्या जातीची रोपे लावली आणि मुळांत रंग भरेपर्यंत तीन वर्षे थांबली.

"बटाटे निदान खाता आले असते," बेटावरची सर्वांत जुनी विणकरीण रोसीआजी कुंपणावरून म्हणाली.

"आजी, तुम्हाला पहिली लडी फुकट देते."

"फुकटचं मी नेसत नाही. आधी दुसरीला नेसव, मग बघू."

दुसरी म्हणजे हेल्वेची शाळासोबतीण आयली. तिने हिवाळाभर मागावर बसून त्या लोकरीचा घागरा विणला आणि मे महिन्यात चर्चला नेसून गेली. लोकांनी वळून पाहिले. हेल्वेकडून आणखी दोघींनी लोकर नेली.

पुढे जे घडले त्याचे तीन वृत्तांत उपलब्ध आहेत. ते जिथे जुळत नाहीत तिथे मी हेल्वेचा ग्राह्य धरला आहे, कारण त्यात तिची स्वतःची फजिती सर्वांत जास्त आहे.

आयलीने घागरा घरच्या हातपंपावर धुतला, रस्त्याकडेच्या दोरीवर वाळत घातला आणि ती शेतावर गेली. ओला असताना तो काळसर दिसला, पण ओली लोकर काळसर दिसतेच. दुपारी परतली तेव्हा दारात चार पांढरी फुले होती. सम संख्येची फुले आमच्याकडे फक्त मयताला नेतात. ओट्यावर झाकून ठेवलेली मासळीची पोळीही होती. दोरीवरचा घागरा वाळला होता आणि पिकल्या आलुबुखारासारखा काळपट झाला होता.

तेवढ्यात फोन वाजला. फिनलंडात बांधकामावर असलेला तिचा नवरा रिहो बोलत होता.

"आयली, मी जिवंत आहे ना गं?"

"काय बडबडतोयस?"

"दादाला चर्चमधून फोन आला. माझी शवपेटी कुठल्या बोटीने येणार, असं विचारत होते!"

आयली तो घागरा काखेत मारून थेट हेल्वेच्या दारात गेली. "अगं बये, माझा नवरा मारलास की तू!"

लोकर नेलेल्या दोघी संध्याकाळपर्यंत ती परत ठेवून गेल्या. त्यांनी भांडण केले नाही, आणि हेल्वेला तेच जास्त लागले. नोकरी सोडलेली होती, वाफ्यात पुढच्या वर्षीची मुळे वाढत होती, आणि हेल्वेच्या तांबड्यावर विश्वास ठेवणारी एकही बाई बेटावर उरली नव्हती.

तिने उरलेल्या लोकरीचे तुकडे केले. एक आपल्या पिंपातल्या पावसाच्या पाण्यात भिजवला. तो तांबडाच राहिला. दुसरा आयलीच्या पंपाच्या पाण्यात टाकला. तो डोळ्यांदेखत काळवंडला. पंपाचा नळ आतून गंजला होता, आणि त्या मुळांच्या रंगाला लोखंड सोसत नाही. रंगवण्यापासून धुण्यापर्यंत सारे तिने आपल्याच पिंपातल्या पाण्यावर तपासले होते. इतर बायका कुठल्या पाण्यात धुतील, हा विचार तिच्या मनात आला नव्हता.

उपाय परसात होता. आंबट दांड्यांच्या रुबार्बची पाने विषारी, म्हणून सगळ्याजणी फेकतात. त्यांचा काढा लोखंडाचा डाग काढतो. शनिवारी तिने अंगणात पातेले मांडले आणि रोसीआजीला मुद्दाम बोलावले. आयली हाताची घडी घालून उभी राहिली. कोमट काढ्यात घागरा हळूहळू उजळत गेला.

रोसीआजीने तो उन्हात धरला, उलटा केला, नखाने धागा ओढून पाहिला. "पहिल्यासारखा नाही. विटकरी झालाय."

"विटकरी म्हणजे तांबडाच ना, आजी?"

"नवरा जिवंत दिसतोय, एवढं म्हणेन."

"सकाळीच फोनवर शिव्या घालत होता," आयली म्हणाली. "चांगला धडधाकट आहे." आणि तिने घागरा हिसकावून खांद्यावर टाकला.

रोसीआजी मात्र निघेना. तिचा भाऊ मागच्या शरदात गेला होता. "तो मधला रंग, चुकून झालेला... मुद्दाम करता येईल तुला?"

"तो कशाला, आजी?"

"दुकानात काळा मिळतो, निळा मिळतो, नाहीतर एकदम तांबडा. माणूस असं एका उडीत येतं का काळ्यातून? दोन घागऱ्यांची लोकर दे. आणि त्या दोघींना म्हणावं, रोसीने घेतली."

हेल्वेने आयलीकडे पाहिले.

"ने माझं पाणी," आयली म्हणाली. "पण पहिली बादली तूच उपसायची."

पुढच्या आठवड्यात रिहो सुट्टीवर आला आणि पहिल्याच सकाळी पाना घेऊन गंजका नळ बदलायला पंपाकडे निघाला. पाणी उपसायला जमलेल्या तिघी एकदम ओरडल्या.