दुखवट्याचं कापड

ग्यानोबा मिस्त्री मूळचा चाकूर तालुक्यातला. आमच्या हदगावकडच्या गावात येऊन त्याला वीस-बावीस वर्षं झाली, तरी बोली लातूरकडचीच राहिली. आम्ही ‘हाव’ म्हणायचो, तो ‘व्हय’ म्हणायचा. पोरं त्याची नक्कल करायची आणि तोही हसायचा.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. पुनर्वसनाच्या कामावर पाणी वाहायला गेला आणि गवंडी होऊन परतला. तिथल्या एका इंजिनियरनं म्हणे मजुरांना पडक्या घरांतून फिरवलं आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला, “इथं काय नव्हतं?” तेव्हापासून ग्यानोबाला सळई हातानं मोजायची सवय लागली. पट्टी खिशात असायची, पण तो वीत टाकायचा. एका वितीवर एक सळई, त्याहून लांब चालायची नाही.

घर बांधून दिलं की काम संपलं, असं त्याचं नव्हतं. स्लॅब टाकल्यावर पंधरा दिवस तो रोज संध्याकाळी फेरी मारायचा. आमच्या स्वयंपाकघराचा स्लॅब एकदा कोरडा सापडला, तेव्हा त्यानं माझ्या बायकोला ऐकवलं, “काकू, तव्यावर भाकर टाकून शेजारी गप्पा मारायला जाता का? मग ह्याला पाणी मारायला कसं इसरता?” ती आठ दिवस त्याच्यावर रागावून होती. नंतर पावसाळ्यात थेंबही गळला नाही, तेव्हा तिनंच त्याला बोलावून पुरणपोळी वाढली.

असा हा माणूस. आणि मी शिकवतो त्या गावच्या शाळेच्या नव्या खोलीचा स्लॅबही त्यानंच टाकला होता.

त्या कामाचा ठेका आप्पासाहेबांच्या मेव्हण्याचा. आप्पासाहेब तेव्हा जिल्हा परिषदेचे बांधकाम सभापती होते. आमच्या भागातला मोठा माणूस. नावानिशी हाक मारणारा, कुणाच्याही ओसरीवर मांडी घालून बसणारा. खोलीचं उद्घाटन झालं, फीत कापली, पेढे वाटले. पुढच्याच वर्षी, जुलैच्या एका दुपारी, मुलं खिचडी खायला बाहेर पडत असताना स्लॅबचा एक कोपरा खाली आला. बहुतेक मुलं दाराबाहेर गेली होती. दुसरीतली राजकन्या ताटली आणायला परत आत गेली होती.

राजकन्येचे आईवडील हैदराबादला कामाला. तिला आजीनं वाढवलं होतं. आजीचं नाव केवळाबाई.

दुसऱ्या दिवशी कुणी न बोलावता ग्यानोबा पोलीस ठाण्यात गेला. पडलेल्या स्लॅबमध्ये सळई कमी दिसली, सिमेंट कमी दिसलं, असा जबाब त्यानं दिला. कामावर वीस माणसं होती. बाकीच्यांना काही आठवेना. मग चौकशी लागली, आणखी तीन-चार कामं उघडी पडली. मेव्हणा तुरुंगात गेला, त्याच्या मागोमाग आप्पासाहेबही आठ महिने आत होते. पक्षानं काढून टाकलं. जामिनावर बाहेर आले तेव्हा त्यांना घ्यायला एकच गाडी गेली होती, असं सांगतात.

इकडे ग्यानोबा रविवारी केवळाबाईच्या घरी जायचा आणि न विचारता काहीतरी दुरुस्त करायचा. कधी चुलीमागची भिंत, कधी मोरीचा ओटा. ती त्याच्याशी बोलत नसे. तीन-चार रविवार असे गेल्यावर तिनं त्याच्या हातातली थापी काढून घेतली.

“भिंत नको मला,” ती म्हणाली. “कोर्टात बोलशील का, तेवढं सांग. तुझ्याबिगर कोणी बोलणारं न्हाई.”

“बोलीन, मावशी. जे झालं ते बोलीन.”

“शब्द दे.”

त्यानं दिला. त्यानंतर ती त्याला चहा द्यायला लागली.

कोर्टाच्या तारखा पडत राहिल्या. त्या काळात आप्पासाहेबांनी चॅनल काढलं. लोकांना वाटलं, तोंड लपवतील. पण त्यांनी तोंडच सगळ्यांच्या मोबाईलवर आणलं. कार्यक्रमाचं नाव ‘आप्पा विचारतात’. पांढरा सदरा, हातात माईक, आणि तेच गोड बोलणं. हिमायतनगरकडच्या एखाद्या फुटक्या रस्त्यावर उभं राहून ते विचारायचे, “साहेब, ह्या खड्ड्यात तुमची गाडी कधी आली का?” खरं सांगायचं तर कार्यक्रम चांगला असायचा. आमच्या गावची विजेची जळालेली डीपी महिनाभर कुणी बदलत नव्हतं. आप्पा येऊन गेले आणि तिसऱ्या दिवशी नवी आली. त्यानंतर गावात त्यांना वाईट म्हणणारं माणूस सापडेना.

“चोर असंल, पण आपला चोर हाय,” बबलू पानवाला म्हणायचा. “आन् आता तर पत्रकार हाय. पत्रकाराला कोण हात लावतंय?”

ग्यानोबाची बायको सरस्वतीबाई दोन वर्षांपूर्वी माघात गेली. पोटाचा आजार होता, लातूरला नेलं, उपयोग झाला नाही. तेराव्याला दारात मांडव होता, पै-पाहुणे चाकूरकडून आले होते. आमच्याकडे रीत आहे की दुखवट्याला येणारा टॉवेल किंवा उपरणं आणतो आणि घरधन्याच्या खांद्यावर ठेवतो. ज्याच्याशी बोलणं तुटलं आहे, त्याच्याकडून कापड घेतलं की तुटलेलं जुळलं, असं धरतात. आणि कापड परत करत नाहीत. ते जिवंत माणसाचं नसतं, गेलेल्या माणसाच्या नावचं असतं. घरधनी त्या दिवशी उठत नाही, बोलत नाही, मान खाली घालून बसतो. मी कितीतरी मांडवांत हे पाहिलं आहे.

साडेअकराच्या सुमारास पांढरी गाडी आली. आप्पासाहेबांनी चपला रस्त्यावरच काढल्या आणि अनवाणी चालत आले. मागे कॅमेरा घेतलेले दोघे. पाहुण्यांनी नकळत वाट करून दिली. ते सतरंजीवर ग्यानोबासमोर मांडी घालून बसले.

“ग्यानबा,” ते म्हणाले, “कामावर आलो की सरस्वतीवहिनी ताक द्यायची. मीठ जास्त असायचं. आठवतंय ना?”

हे खरं होतं. सरस्वतीबाईचं ताक खारटच असायचं. ग्यानोबाच्या खांद्यांना हलका झटका बसलेला मी पाहिला. तो रडत होता.

आप्पासाहेबांनी नवा टॉवेल उलगडला. दारातून ग्यानोबाची मुलगी दीपमाला म्हणाली, “बाबा, घेऊ नका.” चाकूरचे एक म्हातारे पाहुणे, ज्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, तिच्यावर ओरडले, “अगं पोरी, आईच्या नावाचं कापड हाय ते! गप ऱ्हा.” टॉवेल खांद्यावर आला. ग्यानोबानं मान वर केली नाही आणि तो काढलाही नाही. बायकांच्या बाजूला केवळाबाई बसली होती. ती उठून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ते सगळं प्रत्येकाच्या मोबाईलवर होतं. बासरी लावली होती. खाली अक्षरं: ‘जुनं विसरून आप्पा मिस्त्रीच्या दारी’. आप्पासाहेबांचा आवाज सांगत होता की राजकारण माणसं तोडतं, दुःख माणसं जोडतं. लाखभर लोकांनी पाहिलं.

“मिस्त्री, नुसता टॉवेलच होता का?” बबलूनं चारचौघांत विचारलं. “का पदराला काही बांधलेलं होतं?”

लोक हसले. ग्यानोबानं पान न घेताच रस्ता धरला आणि तसाच केवळाबाईकडे गेला. ती तुरीच्या शेंगा सोलत होती.

“मावशी, मला उठता येईना. सरस्वतीचं नाव होतं.”

“हाव, पाहिलं मी.” तिनं मान वर केली नाही. “तुझं मिटलं. बरं झालं. माझं कोण मिटवून देतं ते बघते.”

“मी शब्द दिलाय.”

“कापड घेतलेल्याचा शब्द कोण धरून ऱ्हायलं आता?”

दीपमालेचं म्हणणं होतं, टॉवेल पोस्टानं परत पाठवा. ती शिकलेली मुलगी, नांदेडला नर्सिंग करते. ग्यानोबा म्हणाला, “तुझ्या आईला परत धाडू का?” आणि तो विषय संपला.

साक्षीची तारीख त्याच वर्षी दिवाळीच्या आधी लागली. मी त्याच्यासोबत गेलो होतो. केवळाबाई दुसऱ्या बसनं आली आणि मागच्या बाकावर बसली. आप्पासाहेब पुढे, शांत, हातात जपमाळ.

त्यांचे वकील सभ्य माणूस होते. त्यांनी लॅपटॉपवर तो मांडव दाखवला.

“हे तुम्हीच ना?”

“व्हय.”

“कापड घेतलंत?”

“व्हय.”

“तुमच्याकडं वैऱ्याचं कापड घेतात का हो?”

“न्हाई साहेब.”

“म्हणजे वैर नाही. मग तो जबाब कुणाच्या सांगण्यावरून दिला होता? पोलिसांच्या? का आप्पांच्या विरोधकांच्या?”

ग्यानोबानं कठडा धरला. वकील जबाबाचा कागद बघत म्हणाले, “इथं लिहिलंय, पडलेल्या स्लॅबमध्ये सळई कमी दिसली. ढिगाऱ्यात काय, काहीही दिसतं. मोजली होती का तुम्ही?”

ग्यानोबानं मागे वळून केवळाबाईकडे पाहिलं. मग तो न्यायाधीशांकडे वळला.

“मोजली होती. पडल्यावर न्हाई. टाकायच्या आधी मोजली.”

तो सांगत गेला. स्लॅबच्या सकाळी त्यानं वीत टाकून पाहिली, तर सळई दोन-दोन विती लांब होती आणि दहा एमएमच्या जागी आठची होती. आप्पासाहेब नारळ फोडायला आले होते. त्यानं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, “ग्यानबा, सरकारी काम आहे. तुझ्या पोरीचं घर बांधून राहिला का?” आणि नारळ फोडला. मग मिक्सर सुरू झाला.

“हे इतकी वर्षं का सांगितलं नाही?” वकिलांचा आवाज पहिल्यांदा चढला.

“सांगितलं असतं तर मलाबी म्हाईत होतं, हे सांगावं लागलं असतं.” त्यानं कठड्यावरचे हात काढून घेतले. “आता मी इकलो गेलो न्हाई, हे दाखवायला दुसरं काय हाय माझ्यापाशी? मला म्हाईत होतं. मी स्लॅब टाकला.”

आप्पासाहेबांची जपमाळ थांबली होती. पण मी केवळाबाईकडे बघत होतो. तिनं पदर तोंडाशी नेला होता आणि तो दातात धरला होता.

बाहेर लिंबाखाली ती उभी होती. ग्यानोबा चार पावलं अलीकडेच थांबला.

“तुला ठाऊक होतं?”

“व्हय, मावशी.”

“माझ्या चुलीपाशी बसून चहा पीत होतास तवाबी?”

“व्हय.”

“आन् तरी टाकलास.”

“मिक्सर आला होता, वीस मानसं उभी होती…”

“मी मानसं न्हाई इचारली तुला.” तिनं पिशवी काखेत घेतली. “शब्द पाळलास. आता माझ्या दारात येऊ नको.”

हदगावची बस लागली होती. ती चढली. ग्यानोबानं ती बस जाऊ दिली आणि आम्ही पुढच्या बसनं आलो.

चॅनलवर दोनच वाक्यं आली: ‘मला माहीत होतं. मी स्लॅब टाकला.’ बाकीचं सगळं गेलं. आप्पासाहेब कॅमेऱ्यात बघून विचारत होते, “मग त्या लेकराचा खरा गुन्हेगार कोण? आठ महिने कुणी भोगले, आणि मोकळा कोण फिरला?” खाली लोकांनी ग्यानोबाला नाही नाही ते लिहिलं होतं. गावात कुणी त्याला ओट्याचंही काम देईना. पुढं त्यालाही आरोपी करावं असा अर्ज कोर्टात झाला, आणि तो अजून प्रलंबित आहे.

मागच्या महिन्यात आप्पासाहेबांचा माणूस त्याच्याकडे येऊन गेला. निरोप सोपा होता. वकिलानं गोंधळात टाकलं, बोलण्याच्या भरात काहीही बोलून गेलो, असं लिहून द्यायचं. मग तूही सुटलास आणि आप्पाही. वर त्यांच्या नव्या स्टुडिओचं बांधकाम, सगळं तुझ्याच हातानं.

ग्यानोबा मनाई मोडून केवळाबाईच्या घरी गेला. दार लावलेलं होतं. आत भांड्याचा आवाज येत होता, ग्यानोबाची चाहूल लागताच आवाज बंद झाला.

“मावशी, ते लिहून मागत्यात,” तो बाहेरून म्हणाला. “मी देनार न्हाई. तेवढंच सांगायला आलो.”

तो घटकाभर उभा राहिला. थोड्या वेळानं भांडी घासण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

तिथून तो सरळ माझ्याकडे आला. मी विचारलं, “काय म्हणाली?”

“काय न्हाई. दार उघडलं न्हाई, सर.” तो पायरीवर बसला. “उघडलं असतं तर मला तोंड दाखवता आलं नसतं. बरं केलं तिनं.”