परसातला गिरणीवाला

सोनबा गिरणी सोडून कायमचा गावी आला, त्या दिवशी बनुबाईने आधी त्याचं सामान पाहिलं आणि मग त्याच्याकडे. एक ट्रंक, एक वळकटी आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं लांबट बोचकं. मुंबईहून येणारी माणसं लुगडं आणतात, बिस्किटांचा डबा आणतात. ह्या बोचक्यातून काटक्या डोकावत होत्या.

"ह्ये काय?"

"मोगऱ्याच्या फांद्या. गिरणीच्या फाटकाशी एक माळी व्हता, त्यानं दिल्या."

"आणि गोणपाट कुणी भिजवलं?"

"मीच. एस.टी.त."

बनुबाईने ट्रंक उचलून आत ठेवली. पण पोलादपूरपर्यंत स्वतःच्या पिण्याचं पाणी काटक्यांना पाजत आलेला नवरा तिच्या डोक्यातून गेला नाही.

कापडे गावात बनुबाईचा संशयी स्वभाव सगळ्यांना ठाऊक होता. तांदळाच्या मडक्यात वरचा थर सपाट करून ती त्यावर पंजा उमटवून ठेवायची. कुणी मूठभर काढले तर कळावं म्हणून. महाडच्या बाजारात तय्यबशेठच्या दुकानी धणे घ्यायचे तर आधी दोन दाणे दाताखाली चावून बघायची. तय्यबशेठ हसून म्हणायचा, "बनुबाय, चावून झाले असतील तर तोलू काय?" तिला हसू यायचं नाही. नवरा मुंबईला, घरात एकटी बाई, पदरात दोन मुली. भावकीतल्या कुणी बांध सरकवून पाहिला होता, कुणी कसायला घेतलेल्या जमिनीच्या खंडाचं भात कमी घातलं होतं, कुणाची शेळी नेमकी तिच्याच परसात सुटायची. तिने कुणावर विश्वास टाकला नाही म्हणून जमीन राहिली, घर राहिलं, मुलींची लग्नं झाली. गावाने त्याला खोड म्हटलं, एवढंच.

आणि परस तर तिचं एकटीचंच. चैत्र संपत आला की तिथे तिची धांदल सुरू व्हायची. अक्षयतृतीयेला भोपळ्याचं पहिलं बी आळ्यात पडलं पाहिजे. त्याआधी आळी खणून माती उन्हात तापत ठेवायची, मग चुलीतली राख आणि जुनं शेणखत मिसळून पुन्हा भरायची. कारली, पडवळ, दोडकी यांची आळी मागाहून. रस्त्याकडची वई, म्हणजे काट्याकुट्यांचं कुंपण, ते नव्याने घालायचं. मांडवाचे बांबू तपासून किडके चुलीत टाकायचे. विहिरीचं पाणी खाली गेलेलं असायचं, म्हणून भांडी घासल्याचं, अंघोळीचं, तांदूळ धुतल्याचं असं सगळं पाणी परसाकडे वळवायचं. न्हाणीच्या पन्हळीखालची ओलसर पट्टी सगळ्यांत मोलाची. तिथे तिची काकडी व्हायची.

सोनबा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नेमका त्याच पट्टीत बसला होता. काटक्यांची खालची पानं काढून त्या तिरप्या खोचत होता. दोन काटक्यांमधलं अंतर सारखं, प्रत्येकीचा कल एकाच बाजूला. बनुबाई दारात उभी राहून बघत राहिली. हा माणूस शिमग्याला यायचा, गणपतीला यायचा, कधी मे महिन्यात रजा काढून यायचा, तेव्हा पडवीतल्या खाटेवर पडून असायचा. गिरणीत उभं राहून पाय मोडतात, म्हणायचा. ती त्याच्यासमोरून खताच्या पाट्या वाहायची.

"ती काकडीची जागा हाय," ती म्हणाली.

"काकडी पलीकडं लाव. आणि गो, ती कारल्याची आळी खेटून खेटून खणलीस. मुळांना जागा नको?"

"गिरणीत आळी खणत व्हतात?"

सोनबाने मान खाली घातली आणि हातातली काटकी दाबली. "आपलं सांगितलं," तो म्हणाला.

मग बनुबाई बघू लागली, आणि बघायचं ठरवलं की तिच्या नजरेतून काही सुटत नसे. सोनबा उन्हं चढायच्या आत झाडांना पाणी घालायचा आणि दुपारी कुणी घातलं तर कळवळायचा. मिरचीच्या रोपाचा शेंडा नखाने खुडायचा, न बघता, बोलता बोलता. त्याच्या ट्रंकेत तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली एक आखूड, जाड पात्यांची कातर निघाली. कापडाची नव्हे. आणि त्याला खोकला नव्हता. गिरणीत राबलेल्या प्रत्येकाच्या छातीत कापूस बसलेला असतो. वाडीतला भागोजी बोलताना मधेच थांबून खोकायचा. नवऱ्याची छाती साफ आहे म्हणून ती दरवर्षी देवीला नारळ द्यायची. आता त्या नारळांचा तिला राग येऊ लागला.

शेजारची रंगूबाई वईपलीकडून म्हणाली, "भावजींचा हात बघितलास काय गो? बाईमाणसावाणी गोंजारतात झाडाला. कुणाच्या परसात सवय झाली असंल?"

"तुझ्या परसात तर नाय ना?" बनुबाई म्हणाली. रंगूबाई खिदळत गेली, पण बोलायचं ते बोलून गेली होती.

बनुबाईच्या मनात कोंडाजीचं घर होतं. खालच्या वाडीतला कोंडाजी मेला आणि तेराव्याला मुंबईहून एक बाई दोन पोरं घेऊन उतरली. घरात वाटा मागितला. कोंडाजीची इथली बायको आता पडवीत राहते आणि मधलं घर त्या बाईचं. आयुष्यभर राखलेलं घर एका दुपारी अर्धं होतं हे बनुबाईने डोळ्यांनी पाहिलं होतं. सोनबा कायमचा आला म्हणतो. पण त्याच्या मागावर कोण येईल? पोलादपूरची एस.टी. यायच्या वेळेला ती हातातलं काम टाकून रस्त्याकडे बघू लागली.

सोनबाच्याच गिरणीतला भागोजी भावकीतल्या एका लग्नासाठी रजेवर आला होता. तो रस्त्याने जाताना बनुबाईने त्याला हाक मारली, सावलीत बसवलं, कैरीचं पन्हं दिलं. मुलाबाळांची चौकशी केली. पेला अर्धा झाल्यावर सहज विचारल्यासारखं म्हणाली, "ह्यांच्या जागेवर आता कुणाला घेतला गिरणीत?"

"दादाच्या जागेवर? ती कवाच भरली वयनी. संपात ज्यांना काढलं त्यांच्या..." आणि भागोजी थांबला. खोकल्याने नव्हे. त्याने पेल्यात पाहिलं, मग परसात पाहिलं. "म्हणजे, मी दुसऱ्या खात्यात. मला काय म्हाईत नाय."

उरलेलं पन्हं तसंच ठेवून तो उठला.

तो मोठा संप झाला तेव्हा बनुबाईची धाकटी पोटात होती. आता धाकटीलाच मूल झालं होतं.

सोनबा पन्हळीखाली उकिडवा बसला होता. बनुबाई गेली आणि पट्टीच्या कडेला पाय रोवून उभी राहिली.

"तिचं नाव काय?"

"कुणाचं?"

"जिच्या दारात इतकी वर्षं पाणी घातलंत. गिरणी संपातच सुटली, मला कळलं हाय. आता खोटं बोललात तर ह्या काटक्या उपटून चुलीत घालीन, आणि तुमची ट्रंक रस्त्यावर."

सोनबा खाली मातीतच बसला. हात धुतले नाहीत, तसेच गुडघ्यांवर ठेवले.

"बाई नाय गो. बंगला," तो म्हणाला. "संपानंतर परत घेतलं नाय. चार महिने वणवण केली. मग एकानं बंगल्यावर नेला. माळ्याच्या हाताखाली. पुढं म्हातारा माळी गेला, तवा मीच माळी."

"मालकीण व्हती?"

"पारशीण. म्हातारी. खुर्चीत बसून असायची."

"आणि तिची सून? लेक?"

"विलायतेत. नोकरांत एक आया व्हती, ती माझ्या आयेच्या वयाची. विचार अजून."

बनुबाईने विचारलं. राहायला कुठे होतात, जेवण कोण करायचं, कपडे कोण धुवायचं, आजारी पडलात तेव्हा उशाशी कोण होतं. तेच प्रश्न उलटसुलट करून विचारले. तो प्रत्येकाला उत्तर देत गेला आणि कुठे घसरला नाही. म्हातारी मेली, बंगला विकला, म्हणून तो आला.

"मग लपवलंत कशाला? चोरी केलीत?"

"गावात काय सांगू? भावकीतले सगळे गिरणीत. मी कुणाच्या दारातला नोकर, कुंड्या उचलणारा? तुझ्या बापानं गिरणीवाला म्हणून पोरगी दिली व्हती."

बनुबाई वळायला निघाली होती. मग तिला काहीतरी सुचलं आणि ती जागीच थांबली.

"रजेवर यायचात," ती सावकाश म्हणाली. "ऐन आळी खणायच्या दिवसांत. मी धाकटीला झोळीत टाकून पहार मारत व्हते. तुमी खाटेवर पडून बघत व्हतात. तुमाला खणता येत व्हतं?"

सोनबा बोटांवरची माती खरवडू लागला.

"येत व्हतं?"

"हातात पहार घेतली असती तर लोकांनी वळखलं असतं," तो म्हणाला. "गिरणीवाल्याचा हात असा पडत नाय."

तिला क्षणभर वाटलं, बाई असती तर बरं झालं असतं. बाईला शिव्या देता आल्या असत्या. तिने इतकी वर्षं दाराबाहेरच्या माणसांवर नजर ठेवली होती, मडक्यात पंजे उमटवले होते, आणि जे चोरीला जात होतं ते तिच्याच पडवीत खाटेवर पडून होतं.

त्या दिवशी तिने त्याला जेवायला वाढलं आणि पाठ फिरवून भांडी घासायला बसली. सोनबा ताटातलं अर्धं टाकून उठला. ट्रंक उघडून काहीतरी आवरल्याचा आवाज आला तेव्हा तिने कान टवकारले, पण आत गेली नाही. जायचं असेल तर जाईल. विलायतेतली माणसं काही त्याला ठेवून घेणार नव्हती.

सकाळी तो गेलेला नव्हता. परसाच्या दाराशी उभा होता, पुढे यावं की नाही अशा बेताने.

बनुबाईने पहार आणली आणि त्याच्या हातात दिली.

"पडवळाची आळी राहिलीत. रस्त्याकडच्या बाजूला."

"तिथं? सगळी येणारीजाणारी..."

"तिथंच."

सोनबाने रस्त्याकडे पाहिलं, मग पहार मारली. पहिला घाव जपून पडला, दुसरा कमी जपून. थोड्या वेळाने तो विसरला. अंगरखा काढून वईवर टाकला आणि खणत राहिला. माती एका बाजूला नीट रचली जात होती, दगड वेगळे. बनुबाई राख चाळत होती आणि चाळणीवरून बघत होती.

रंगूबाई पाण्याला निघाली होती. ती कळशी कमरेवर घेऊन थांबलीच.

"अगो बाय! भावजी, गिरणीत खणायला शिकवतात काय वो?"

सोनबाची पहार वरच्या वर राहिली. त्याचे कान लाल झाले होते. तो बनुबाईकडे बघत नव्हता. तिच्या तोंडातून आता काय बाहेर पडतं याची वाट बघत होता, आणि ते तिला दिसत होतं. एक वाक्य बोलायचा अवकाश, दुपारपर्यंत कापडेभर झालं असतं.

"मी शिकवलं," बनुबाई म्हणाली. "आले तवापासून शिकवते. अजून कड नीट येत नाय."

"म्हातारपणी साळंत घातलास गो नवरा!"

"तुझा पण धाड. खाटंवर पडूनच असतो ना?"

रंगूबाई तोंड मुरडून पुढे गेली. सोनबाने पहार खाली टेकवली. "कड नीट हाय," तो हळूच म्हणाला.

बनुबाईने चाळणी ठेवली, जवळ आली आणि आळ्यात वाकून बघितलं.

"आणि खोली?"

"कोपरभर. बरोबर."

तिने पदर खोचला, खाली बसली आणि कोपरापर्यंत हात आत घालून तळ चाचपला. मग हात काढून माती झटकली.

"पुढचं खणा," ती म्हणाली.