टॅन्सीची शेपटी

व्हर्जिल स्टॅम्परकडे घोडं शिकायला पाठवलं की ते शहाणं होऊन परत येतं, असं ओक्लाहोमातल्या पॉल्स व्हॅलीच्या पंचक्रोशीत गेली तीस वर्षं बोललं जातं. माणसांच्या बाबतीत अशी हमी कोणी देत नाही. तो स्वतःही द्यायचा नाही. "घोड्याला नव्वद दिवस पुरतात," तो म्हणायचा. "वर बसणाऱ्याला नऊ वर्षं लागतात, आणि मग त्याचे गुडघे जातात."

त्याचं काम रेनिंगचं. एका हातात सैल लगाम धरून घोडा दौडवायचा, जागच्या जागी गरागरा फिरवायचा, आणि भरधाव येत असताना मागच्या पायांवर घसरत थांबवायचा. जोडीला रँच रायडिंग, म्हणजे गुरांमागे दिवसभर राबणारा घोडा जसा चालेल तसा परीक्षकापुढे चालवून दाखवायचा. दोन्हींत एकच गोष्ट बघतात. घोडा हे सगळं राजीखुशीने करतोय की जुलमाने? म्हणून व्हर्जिल शिष्यांना सांगायचा, कान बघू नका, डोळे बघू नका, शेपटी बघा. शेपटी चाबकासारखी सटासट फिरली की समजायचं, त्याला काहीतरी बोचतंय आणि बोचणारे तुम्ही आहात.

हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा ऐकलं ते नदीन क्राउडरने. नदीन शाळेची बस चालवायची. नवरा गेल्यानंतरच्या वर्षी, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, तिने टॅन्सी नावाची तांबूस घोडी व्हर्जिलकडूनच घेतली आणि त्याच्याच तबेल्यात ठेवली. त्याने ती शिंगरू असल्यापासून घडवलेली होती, आणि त्याच्या हाताखालून गेलेल्या घोड्यांत तिच्याइतकी गुणी दुसरी नव्हती. नदीनची एकच खोड होती. बावीस वर्षं बसचं पेडल दाबून तिचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा, आणि बुटाच्या टाचेला लावलेलं स्परचं दातेरी चाक घोडीच्या बरगडीत रुतायचं.

"नदीन, ती घोडी आहे, बस नाही. पाय उचल."

"उचललाय की, मास्तर."

"मग ती शेपटी काय हौस म्हणून फिरवतेय?"

"तुमचा चेहरा बघून फिरवत असेल," नदीन म्हणायची, आणि कुंपणावर बसलेले बाकीचे शिष्य हसायचे. मास्तर तिनेच पाडलेलं नाव. आधी चेष्टेत म्हणायची, मग सगळेच म्हणायला लागले.

यावर उपाय होता आणि व्हर्जिलला तो चांगला ठाऊक होता. स्पर काढून ठेवायचे आणि तीन महिने नदीनला नुसत्या टाचेने बसवायचं. स्पर्धा नाही, टाळ्या नाहीत, रोज तेच. पण आर्डमोरची एप्रिलमधली स्पर्धा पाच आठवड्यांवर आली होती, आणि चार वर्षांत त्याच्या तबेल्यातलं कोणी जिंकलं नव्हतं. हायवेलगत एका तिशीतल्या घोडेस्वारी शिक्षकाने छपराचं मोठं मैदान बांधलं होतं. व्हर्जिलचे दोन शिष्य तिकडे गेले होते. जाताना गोड बोलून गेले, तेच त्याला जास्त लागलं. नदीन अशी कुठे जाणारी नव्हती. तिने फक्त एकदा म्हटलं होतं, "मास्तर, एकदा तरी तुमचं नाव वर काढायचंय मला."

मग त्याने ते केलं, जे दुसऱ्या कोणी केलं असतं तर त्याला त्याने आवाराच्या फाटकातून आत घेतलं नसतं. असली कामं करणारा डेल पिगॉट नावाचा एक इसम तिकडे फिरतो. एका मंगळवारी, नदीन बसने मुलांना शाळेत सोडायला गेलेली असताना, व्हर्जिलने त्याला बोलावलं. डेलने टॅन्सीच्या शेपटीच्या मुळाशी दोन सुया टोचून दारू भरली, पिण्याची नव्हे, नस मारण्याची. शेपटी लुळी पडली. "तीन महिन्यांत उतरतं," डेल म्हणाला. "कोणाला पत्ता लागत नाही." आपल्याकडे कुंपणाने शेत खाल्लं म्हणतात, ते हेच.

आर्डमोरला नदीनची टाच नेहमीइतकीच रुतत होती. घोडीची शेपटी मात्र सरळ, शांत. पंचांनी साडेएकाहत्तर गुण दिले. नदीन पहिली आली आणि तिला चांदीचं बक्कल मिळालं. ते पट्ट्याला लावून ती बससुद्धा चालवायची. पुढच्या रविवारी चर्चमध्ये उभी राहून तिने सांगितलं, की देवाने तिला दुःखातून वर काढलं ते एका घोडीच्या आणि एका सज्जन माणसाच्या हातून. सज्जन माणूस तिसऱ्या बाकावर बसला होता. सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली आणि लोकांना तो नम्रपणा वाटला.

जून आला, जुलै आला. ओक्लाहोमातला उन्हाळा माश्यांचा. शेपटी ही घोड्याची एकुलती एक झाडणी, आणि टॅन्सीची हलत नव्हती. मांड्यांवर, पोटाखाली माश्या थव्याने बसायच्या आणि ती नुसती कातडी थरथरवत उभी राहायची. लीद टाकताना शेपटी उचलता येईना, म्हणून मागचे पाय बरबटायचे, चिघळायचे. व्हर्जिल पहाटेच उठून, नदीन यायच्या आत, कोमट पाण्याने तिला धुवायचा, मलम लावायचा, माश्यांची जाळी पांघरायचा. हात चालू असायचे आणि तो मनात म्हणायचा, सप्टेंबरपर्यंत उतरेल. डेलला दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा त्याने उचलला नाही.

"हिच्या शेपटीला काय झालंय हो?" नदीनने जूनमध्ये विचारलं होतं.

"नस आखडली असेल. होतं कधीकधी."

"डॉक्टरला दाखवू?"

"थोडं थांब. उगीच सुया टोचतील," तो म्हणाला, आणि हे शब्द आपल्याच तोंडून निघालेले ऐकून बादली उचलून नळाकडे निघून गेला.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी नदीन आली, पण तिच्या डोक्यावर स्वारीची हॅट नव्हती. एका हाताने दोरी धरून टॅन्सीला तबेल्याबाहेर काढून ती व्हर्जिलसमोर उभी राहिली. दुसऱ्या हातात स्परची जोडी होती. ती तिने दाराजवळच्या खिळ्याला अडकवली.

"हे कोणाला तरी देऊन टाका, मास्तर. मी आता बसणार नाही."

"आज ऊन आहे खरं. उद्या..."

"आज नाही, उद्या नाही, कधीच नाही." ती रात्रभर झोपली नव्हती हे दिसत होतं. "तीन वर्षं तुम्ही घसा फोडून सांगत होता. पाय उचल, शेपटी बघ, तिला बोचतंय. मी हसण्यावारी नेलं. ती बिचारी शेपटीने ओरडत होती आणि मी टोचत राहिले. शेवटी तिची शेपटीच मेली. मी मारली."

व्हर्जिलला काही न बोलणं किती सोपं होतं. नदीन घरी गेली असती, स्वतःला दोष देत म्हातारी झाली असती, आणि गावात त्याचं नाव तसंच राहिलं असतं. उलट लोक म्हणाले असते, मास्तरने किती वेळा बजावलं होतं. त्याने शिकवलेली एकुलती एक खरी गोष्ट ती स्वतःच्या गळ्यात फास करून घालत होती. आयुष्यात त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती, सुया टोचल्या त्या दिवशीसुद्धा नाही.

"तू नाही मारली," तो म्हणाला. "मी मारली."

तिला कळलं नाही. मग त्याने सांगितलं. डेलचं नाव, मंगळवार, दारू, आर्डमोर, सगळं. सांगताना तो समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत होता. आपल्याच आवाजात कैफियतीचा सूर येतोय असं वाटलं की तो थांबायचा आणि ते वाक्य पुन्हा, सरळ करून म्हणायचा. तिचा पाय चुकत होता हे खरं, पण तो तीन महिन्यांत सुधारला असता, हेही त्याने सांगितलं. "मला तीन महिने नको होते," तो म्हणाला. "मला जिंकायचं होतं."

नदीन शिव्या देईल, स्पर अंगावर फेकेल, अशी त्याने मनाची तयारी केली होती.

"तिला धरलं कोणी होतं?" तिने विचारलं.

"कोणी नाही."

"कोणी नाही म्हणजे? एवढी सुई टोचताना?"

"मी लगाम जमिनीवर टाकला," व्हर्जिल म्हणाला.

याचा अर्थ नदीनला सांगावा लागला नाही. रँचवरच्या घोड्याला पहिला धडा हाच देतात. स्वार खाली उतरला आणि लगाम मातीत टाकला, की खुंटाला बांधल्यासारखं उभं राहायचं, तो परत येईपर्यंत. टॅन्सी दोन वर्षांची असताना हा धडा व्हर्जिलनेच दिला होता.

"आणि ती उभी राहिली?"

"पहिल्या सुईला वळून माझ्याकडे बघितलं तिने. मी म्हणालो, थांब. थांबली."

नदीनने खाली पाहिलं. बोलता बोलता तिच्या हातातली दोरी केव्हाच गळून मातीत पडली होती. टॅन्सीच्या मांड्या माश्यांनी काळ्या झाल्या होत्या, कातडी थरथरत होती, पण तिने एक पाऊल हलवलं नव्हतं. नदीनने वाकून दोरी उचलली आणि हाताभोवती दोन वेढे दिले. "चल बाई, घरी," ती घोडीला म्हणाली.

नदीनच्या गाडीमागच्या, घोडे नेण्याच्या ट्रेलरचं दार उघडायला व्हर्जिल पुढे झाला.

"तू नको, व्हर्जिल," ती म्हणाली.

तो जागीच उभा राहिला. त्याच्याजवळून जाताना टॅन्सी रोजच्यासारखी थबकली आणि खाजवून घ्यायला तिने कपाळ त्याच्या छातीला टेकवलं. त्याचे हात खालीच राहिले.