कथाशास्त्राचे सर आणि कोमातले नाना

आमच्या सिरियलच्या आगाऊ एपिसोडची बँक कधी साठत नाही. आज लिहायचं, उद्या शूट, परवा टीव्हीवर! किस्से मात्र ढिगाने साठतात. पावणे गावातल्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये आमचा सेट आहे आणि मी तिथे संवाद लिहितो. टीआरपी पडला म्हणून चॅनलने देवस्थळी सरांना आमच्याकडे पाठवलं. सर कथाशास्त्राचे डॉक्टर!

पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या युनिटला बसवलं आणि फळ्यावर लिहिलं, 'प्रत्येक कथेला सुरुवात, मध्य आणि शेवट असतो.'

'शेवट' वाचून सगळे हबकले, सिरियल बंद होणार की काय! आमचा दिग्दर्शक रवी म्हणाला, "सर, टेन्शन देऊ नका. चॅनल काय बोललं का?"

"चॅनल नाही, शास्त्र बोलतंय!"

जेवणाच्या सुट्टीत मेकअपवाल्या बाईंनी दुसऱ्या सिरियलला फोनसुद्धा लावला. हिरॉइन तर रडायलाच लागली. बिचारीने नुकताच सीवूड्सला फ्लॅट बुक केला होता!

*

मग सरांनी पात्रांच्या जागा ठरवल्या. नायक, मदतनीस, खलनायक. सासूचं काम करणाऱ्या सुलभाताईंच्या वाट्याला आला खलनायक.

ताई उसळल्या. "मी? अहो, सुनेला विष दिलं ते घर एकत्र राहावं म्हणून!"

सर समजावायला गेले, "ताई, खलनायकच कथा पुढे नेतो."

"असं? मग टायटलमध्ये माझं नाव पहिलं टाका!"

टाकावं लागलं.

*

पुढचा नियम असा, की पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक वस्तूचा कथेत उपयोग झालाच पाहिजे. उपयोग नसेल तर काढा! आर्टवाल्यांनी आधी झुंबर काढलं. मग फुलदाण्या, पडदे, शेवटी सोफा. श्रीमंत घराण्याचा दिवाणखाना गोडाऊनसारखा दिसायला लागला आणि सगळं कुटुंब उभ्या उभ्या भांडायला लागलं.

एपिसोड लागला तसे प्रेक्षकांचे मेसेज सुरू झाले, "यांचं दिवाळं निघालं का?" टीआरपी चढला! चॅनलचा फोन आला, "दिवाळ्याचा ट्रॅक मस्त आहे, वाढवा."

कुठला ट्रॅक? मी बसलो लिहायला!

*

पण खरा किस्सा नानांचा. नाना म्हणजे सिरियलमधले सासरे, कित्येक महिने कोमात. रोज ऐरोलीहून यायचे, विग लावून पलंगावर पडायचे आणि संध्याकाळी घरी जायचे. वय झालेलं, दुसरं काम कोण देणार?

एकदा सर पलंगाशी येऊन म्हणाले, "प्रत्येक पात्राला काहीतरी हवं असतं. यांना काय हवंय?"

नाना डोळे मिटूनच म्हणाले, "पंखा जरा वाढवा."

"म्हणजे कथेत काहीच नकोय. मारून टाका!"

मी जड मनाने मृत्यूचा सीन लिहिला. शूटच्या दिवशी नानांनी घरून आणलेले लाडू सगळ्यांना वाटले आणि पलंगावर जाऊन पडले.

कॅमेरा सुरू झाला. डॉक्टर झालेल्या नटाने मान हलवली, "सॉरी. ते गेले." सुलभाताईंनी असा हंबरडा फोडला, की आमचेही डोळे भरून आले.

तेवढ्यात नाना उठून बसले. "कोण गेलं?"

सुलभाताई खरोखरच किंचाळल्या. डॉक्टर पळाला! रवी 'कट' म्हणायचं विसरला. सर मात्र टाळ्या वाजवत ओरडले, "कलाटणी! याला म्हणतात कलाटणी!"

चॅनलने सीन जसाच्या तसा दाखवला. नाना वाचले. पण बोलत्या सासऱ्याचं पुढे काय करायचं ते कुणालाच सुचेना, म्हणून आम्ही त्यांना पुन्हा कोमात टाकलं.

परवा दोन शॉटच्या मध्ये मी हळूच विचारलं, "नाना, खरं सांगा. त्या दिवशी झोप लागली होती, की मुद्दाम?"

नानांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "सुलभाताई, यांना बाहेर काढा हो. पेशंटला त्रास देतायत!"