आजाऱ्याची मुदत

दर पंधरा दिवसांनी कानिफनाथ आव्हाड प्रत्येक घराच्या दारात उभा राहून एकच प्रश्न विचारीत असे: "कुणाला ताप आला होता का?" सोनईच्या पूर्वेकडची अकरा गावे आणि त्यांच्या वस्त्या सरकारने त्याच्या सायकलीला नेमून दिल्या होत्या. तो हिवताप निर्मूलनाचा कर्मचारी; लोक त्याला तापाचे मास्तर म्हणत. ज्याला ताप असेल त्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, कडू गोळ्या समोर गिळायला लावायच्या आणि निघताना दाराशेजारी गेरूने आखलेल्या चौकटीत चार गोष्टी लिहायच्या: तारीख, घरातील माणसे, आजारी माणसे, सही.

या खात्यात पिंपळाच्या पारावर बसून चार गावांच्या तारखा भरणारे लोक होते. कानिफनाथने नऊ वर्षांत न गेलेल्या घरावर तारीख टाकली नव्हती. पाथर्डीकडच्या कोरडवाहू घरातून आलेला, मॅट्रिकला एकदा नापास झालेला हा माणूस स्वतःच्या अक्षरावर आणि स्वतःच्या खरेपणावर जगत होता. त्याची बायको म्हणे, "ह्यांना भिंतीसंगं लगीन लावायचं व्हतं." तो हसत नसे. भिंतीवर लिहिलेले खरे असले पाहिजे, एवढीच एक गोष्ट या पडक्या कारभारात आपल्या हाती आहे, अशी त्याची धारणा होती.

सन एकाहत्तरच्या आषाढात आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी त्याला बोलावले.

"कानिफनाथ, तुमच्या वाटेवर एक रोगी आहे. जन्मठेप भोगून सुटलाय. छातीचा क्षय. दीड वर्ष गोळ्या घ्याव्या लागतील. बरं वाटू लागलं की हे लोक गोळ्या सोडतात, आणि मग वाचत नाहीत. तुम्ही दर सोमवारी जायचं. आठवड्याच्या गोळ्या द्यायच्या, पहिली तुमच्यासमोर."

"हे काम हिवतापाच्या खात्यात बसतं का, साहेब?"

"नाही बसत. तरी करा."

घर रतनबाईचे होते, गावाच्या वरच्या अंगाला. तिचा नवरा गोरक्ष, दोन पोरे आणि ती, असे चौघे. चौकटीत चारच लिहिलेले होते. रतनबाईने दार अर्धेच उघडले.

"कुनाला ताप न्हाई. चौघं हाय, चौघंबी बरं हाय. लिवा."

आतून खोकल्याची उबळ आली आणि बराच वेळ थांबली नाही.

"अक्का, खोकतंय कोण?"

"शेरडू हाय."

"मग शेरडाला गोळ्या द्यायचा हुकूम आहे माझ्याकडं."

ती हसली नाही. आतून एक उंच, खंगलेला माणूस बाहेर आला आणि भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात मांड्यांशी सरळ ठेवून उभा राहिला. तो तिचा भाऊ मच्छिंद्र. कानिफनाथने गोळी दिली. त्याने ती गिळली आणि कोणी सांगितले नसताना तोंड उघडून, जीभ उचलून दाखवली. तुरुंगातून माणूस सुटतो. तुरुंग माणसातून किती सुटतो, याची मोजदाद कोणत्याही खात्याकडे नसते.

"मास्तर," रतनबाई म्हणाली, "चारच ऱ्हाऊ द्या. हात जोडते."

कानिफनाथने कारण विचारले नाही. घरातील माणसे पाच, आजारी एक, असे लिहून त्याने सही केली. पुढच्या सोमवारी आला तेव्हा चौकटीवर शेणाचा हात फिरलेला होता. त्याने भिंत पुसली, गेरूने चौकट पुन्हा आखली आणि पुन्हा लिहिले. त्याच्यापुढच्या सोमवारी पुन्हा तेच. चौथ्या वेळी रतनबाईने शेण लावले नाही. सरकारी माणसाशी कुठवर भांडायचे, असे तिला वाटले असावे.

कारण त्याला हळूहळू मच्छिंद्रच्याच तोंडून कळले. मच्छिंद्रचे मूळ गाव तेथून पाच कोसांवर. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झाले आणि त्याच्या हातच्या कुऱ्हाडीच्या दांड्याने सहादेव नावाचा माणूस जागच्या जागी मेला. सहादेवचा धाकटा भाऊ कारभारी तेव्हा सतरा वर्षांचा होता. मच्छिंद्रला बेड्या घालून नेले त्या दिवशी कारभारीने साऱ्या गावादेखत सांगितले होते की, सरकारची शिक्षा सरकारने द्यावी, आमची आम्ही देऊ.

"तेरा वर्सं झाली त्याला," मच्छिंद्र म्हणाला. "पन त्यो इसरनारा न्हाई. म्या बी नसतो इसरलो."

हे ऐकल्यावरही कानिफनाथने पाचाचे चार केले नाहीत. पंधरवड्याच्या खेपांबरोबर सोमवारच्या खेपाही तो तारखेनिशी लिहीत राहिला. इतर घरांच्या चौकटीत महिन्याला दोन तारखा. या एका घराच्या चौकटीत सहा. आजवर ज्यांनी भिंतीकडे पाहिले नव्हते, तेही आता थांबून पाहू लागले.

फाल्गुनात सोनईच्या बाजारात तो चहाला बसला असता, पटका बांधलेला, नीटस बोलणारा एक तिशीचा माणूस शेजारी येऊन बसला.

"राम राम, मास्तर. तुमी आमच्या पावन्यांच्या गावाला जाता न्हवं? गोरक्षच्या घरी कुनी लई आजारी हाय म्हनं."

"कोण म्हणतं?"

"लोक म्हंत्यात. लोकांचं काय, कायबी म्हंत्यात. तुमी बी पारावर बसून आकडं टाकता, असं बी म्हंत्यात की."

बाजारातल्या चार माणसांनी माना वळवल्या. कानिफनाथने बशी खाली ठेवली.

"इतरांचं मला माहीत नाही. मी लिहिलेलं खोटं असल्याचं कुणी दाखवावं, मी नोकरी सोडीन. भिंतीवर आहे ते वाचा."

"पाच म्हंजी पाचच?"

"पाच म्हणजे पाचच."

"झ्याक झालं," तो माणूस म्हणाला, आणि स्वतःचा चहा तसाच ठेवून उठला. चहावाल्या अब्दुलने फडक्याने बाक पुसता पुसता विचारले, "मास्तर, कारभारीला तुम्ही कुठून ओळखता?"

कानिफनाथ बाकावरून उठला. त्याने एक शब्दही खोटा उच्चारला नव्हता, आणि एका माणसाचा पत्ता त्याच्या मारेकऱ्याला दिला होता.

तो सोमवारची वाट न पाहता थेट गावाकडे निघाला. चढावर पोहोचला तेव्हा रतनबाईच्या ओट्यावर कारभारी मांडी घालून बसलेला होता. दार बंद होते. आत खोकला चालू होता.

"या मास्तर. घाबरू नगा," कारभारी म्हणाला. "म्या हात लावनार न्हाई. हातरुनावरच्या आजाऱ्याला मारला तर आमच्या घरात कुनी पोरगी देनार न्हाई. सहादेव चांगला धडधाकट व्हता. ह्यो बी धडधाकट व्हऊ द्या. किती दिस लागत्याल?"

कानिफनाथने सायकल ओट्याला टेकवली.

"ऱ्हाऊ द्या. तुमी लिवालच. आजारी एक हाय तवर म्या येनार न्हाई. एकाचं शून्य झालं, की यीन." तो उठला, धोतर झटकले आणि बंद दाराकडे पाहून मोठ्याने म्हणाला, "गोळ्या येळंवर घे, मच्छिंद्रा!"

त्या दिवसापासून कानिफनाथच्या पेटीतील औषधाचा अर्थ बदलला. मच्छिंद्रने गोळी चुकवली तर क्षय त्याला खाणार; गोळी घेतली तर प्रत्येक सोमवार त्याला कारभारीच्या एक पाऊल जवळ नेणार. कानिफनाथने पोलीस पाटलाला सांगून पाहिले. पाटील म्हणाला, "तो म्हणतोय मी हात लावणार नाही. मी त्यात काय लिहू?" डॉक्टर म्हणाले, "आपलं काम बरं करणं." त्याने मच्छिंद्रला दुसरीकडे जाण्याचे सुचवले. मच्छिंद्रने मान हलवली. दुसरीकडे ना बहीण, ना सोमवार.

गोळ्या चालू राहिल्या. उन्हाळ्यात खोकला उतरला. पावसाळा आला आणि पाऊस आला नाही. दुष्काळाची कामे निघाली, गावाच्या माळावर खडी केंद्र सुरू झाले. गोरक्ष, रतनबाई आणि तिची पोरे दगड फोडायला जाऊ लागली. माणसे वाळत चाललेल्या त्या वर्षात एकट्या मच्छिंद्रच्या अंगावर मांस चढू लागले. त्याचे गाल भरले, आवाज मोकळा झाला. रतनबाई भावाकडे पाही आणि चटकन नजर फिरवी. त्याच्या ताटात भाकरी वाढताना तिचा हात अडे, आणि त्या अडण्याचीच तिला लाज वाटे.

आश्विनात थुंकीच्या तपासणीत काही निघाले नाही. डॉक्टर म्हणाले, "शाबास, कानिफनाथ. आता मार्गशीर्षापर्यंत गोळ्या, सावधगिरी म्हणून. पण माणूस बरा झाला. आजाऱ्यांतून काढा."

त्या सोमवारी कानिफनाथ भिंतीपुढे उभा राहिला. रतनबाई मागे उभी होती. त्याने तारीख लिहिली. माणसे पाच. मग पेन्सिल थांबली आणि त्याने आजारी एक असे लिहिले. दहा वर्षांतला हा पहिला खोटा आकडा होता. सही करताना त्याचे नेहमीचे वळणदार अक्षर वाकडे आले.

परंतु खोट्याला सांभाळणारा माणूस लागतो. आता मच्छिंद्रने घराबाहेर पडायचे नव्हते. वाटेवर कोणी दिसले की खोकायचे होते. पाहुणा आला की घोंगडी ओढून पडायचे होते. कानिफनाथ दर सोमवारी येऊन विचारी, "बाहेर गेला नाहीस ना? कुणी पाहिलं नाही ना?" असे दोन महिने गेले. एकदा मच्छिंद्र त्याच्याकडे टक लावून म्हणाला, "तिथला जमादार बी ह्येच इचारायचा."

"मी तुझ्या जिवासाठी विचारतो."

"व्हय. पन जीव असा झाकून ठिवायचा असंल, तर त्यो बरा कशापायी केला, मास्तर?"

कानिफनाथने गोळी त्याच्या हातावर ठेवली. त्याच्या पुढच्या सोमवारी तो आला तेव्हा दाराला कडी होती. शेजारची म्हातारी छबूबाई उन्हात बसली होती. "समदी खडीवर गेल्यात," ती म्हणाली. "पाव्हना बी. सकाळच्याला हातुडा खांद्यावर टाकून गेला. चांगला गडी हाय की वो, मंग इतकं दिस का निजून व्हता?"

माळावर दोनशे माणसे रांगांनी बसून दगड फोडीत होती. हातोड्यांचा आवाज सायकलवरून उतरण्यापूर्वीच अंगात शिरत होता. पाच-पाच कोसांवरच्या गावांतले लोक कामाला आलेले होते. तेव्हा कारभारीही असणार हे कानिफनाथला कळायला हवे होते. मच्छिंद्र एका ढिगापाशी उघड्या अंगाने बसला होता, घामाने न्हालेला. दहा पावलांवर, त्याच्याकडे तोंड करून कारभारी बसला होता. दोघांच्या हातांत हातोडे होते. मधल्या रांगेतली माणसे एकेक करून थांबू लागली होती.

"या मास्तर," कारभारी म्हणाला. "भिंतीवर तर एक आजारी हाय, आन ह्यो बाबा दगड फोडतोय."

"मी खोटं लिहिलं."

"कवाधरनं?"

"आश्विनापासून."

"नोकरी सोडनार व्हता न्हवं तुमी?"

"सोडीन."

"म्या बरा हाय, कारभारी," मच्छिंद्र बसल्या जागेवरून म्हणाला. "त्येंना इचारू नगंस. मला इचार."

कारभारी उठला. आता माळावर एकही हातोडा वाजत नव्हता. रतनबाईने आपली पोरे पदराखाली घेतली. कानिफनाथ दोघांच्या मधे गेला. अडवण्यासाठी त्याच्यापाशी काही नव्हते. त्याने पेटी जमिनीवर ठेवली, उघडली, काचपट्टी काढली आणि जे तो आयुष्यभर म्हणत आला तेच म्हणाला.

"ताप आला होता का?"

"मला?"

"या केंद्रावर प्रत्येकाचं रक्त घ्यायचंय. तुमच्यापासून सुरू करतो. हात पुढं करा."

कोणीतरी फस्सकन हसले आणि लगेच गप्प झाले. कारभारीने काचपट्टीकडे पाहिले. मग उजव्या हातातला हातोडा न सोडता त्याने डावा हात पुढे केला. कानिफनाथने सुई टोचली. थेंब काचेवर घेतला.

"मास्तर," कारभारी हळूच म्हणाला, "दोनशे मान्सं हायत. संध्याकाळपत्तूर संपत्याल. मंग?"

"मग उद्या येईन."

"आन परवा?"

कानिफनाथने दुसरी काचपट्टी काढली आणि शेजारच्या माणसाला हात पुढे करायला सांगितले. कारभारी वळला, आपल्या ढिगापाशी गेला. तेथे तो बसला नाही. त्याने फोडायचे दगड पाटीत भरले, पाटी उचलून मच्छिंद्रच्या शेजारी, हातभर अंतरावर आणून ओतली, आणि तिथे मांडी घातली. मच्छिंद्र त्याच्याकडे न पाहता थोडा सरकला, त्याला जागा व्हावी म्हणून. दोघांचे हातोडे पुन्हा पडू लागले. कानिफनाथ पाठमोरा होता. प्रत्येक घावानंतर पुढचा घाव दगडावरच पडला का, हे तो कान देऊन ऐकत रक्ताचे थेंब घेत राहिला.