समासातला चौकोन

माझ्या मावसभावाइतका भित्रा माणूस अख्ख्या रत्नागिरीत झाला नाही, आणि पुढे होईल अशी आशाही नाही. भाट्याच्या खाडीवर होडीत बसला की तो आधी तळाशी हात लावून बघायचा. होडीवाला वैतागायचा, "अवो, येवढा पानी असतोच होडीत!" हा पांढराफटक पडून म्हणायचा, "या थेंबाचं भय नाही हो, मागून येणाऱ्यांचं आहे!" आणि पलीकडचा काठ येईपर्यंत करवंटीने उपसत राहायचा.

असा माणूस रसायनशास्त्र शिकायला मुंबईला गेला, आणि तिथे त्याला एन्झाइमने गाठलं. एन्झाइम साखरेला धरतं आणि फोडतं. किती वेगाने, ते गणिताने काढायचं. साखर ढीगभर, एन्झाइम चिमूटभर. तेव्हा त्याने धरून ठेवलेली साखर नगण्य मानून सोडून दिली की गणित चार ओळींत सुटतं. त्याच कॉलेजात शिकणारे आम्ही सगळे डोळे मिटून सोडायचो. हा मात्र पेन खाली ठेवायचा. "आणि सोडलेलीच नेमकी मोठी निघाली तर?" मग पूर्ण समीकरण मांडून वर्गमुळं काढत बसायचा, की दुसऱ्या प्रश्नाआधी घंटा. माझ्यापुढे दोन वर्षं असलेला हा गडी असा नापास होत होत माझ्या वर्गात येऊन बसला. त्याचे वडील म्हणाले, "यंदा गेलास तर कॉलेज बंद. गुहागरास काकाकडे सुपाऱ्या सोलायच्या." त्या दिवसापासून त्याला अन्न जाईना.

परीक्षेआधी आम्ही घरी आलो. मी त्याच्याकडून रोज "नगण्य मानू" असं वहीभर लिहून घ्यायचो, आणि तो रडकुंडीला यायचा. शेवटी मावशीच कावली. "अरे मेल्या, जेवायच्या आधी वाडीच्या राखणदार देवाचं पान बाजूला काढतो ना आपण? त्याला विसरत नाही, नि त्याच्यापायी उपाशीही बसत नाही. तसं कर!" एन्झाइम म्हणजे काय, हे मावशीला शेवटपर्यंत कळलं नाही. पण परीक्षेत ह्याने समासात एक चौकोन आखला, सोडलेली साखर त्यात मांडली, आणि प्रत्येक उत्तरानंतर भीतभीत तिकडे बघितलं. चार गणितं झरझर सुटली. पाचव्यात चौकोनातला आकडा एकूण साखरेच्या निम्मा भरला! परीक्षकाने त्यात एन्झाइमही ढीगभर घातलं होतं. ते एकच गणित त्याने वर्गमुळासकट सोडवलं. मी मात्र सवयीने चार ओळींत उरकलं होतं. आधीच काठावर होतो, त्या गणिताने गेलो.

निकाल लागला तेव्हा तो माझ्याकडे आला. "पास झालो रे," असं गुन्हा कबूल केल्यासारखं म्हणाला, आणि मग, "तुला चौकोन काढायला सांगायचं राहिलं. मी माझ्याच भीतीत होतो." मी हसलो, पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्यासाठी इतका घाबरलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आता तो दूर उत्तरेकडे नोकरीला आहे. वर्षाकाठी एखादं पत्र येतं. मी भाट्याला जाताना होडीत बसलो की आधी तळाशी हात लावतो. लोक हसतात. थेंबभर पाणी असतंच. उपसणारा तेवढा समोर नसतो.