अर्ध्या प्लेटवरची लग्नपत्रिका

सकाळी इन्क्युबेटरमधून काचेची प्लेट काढून ते उजेडाकडे धरायचे आणि विचारायचे, “मेले काय बाप्पा?” नवा माणूस दचकायचा. जिवाणू मेलेले पाहून या अकोल्याच्या गृहस्थांना जेवढा आनंद व्हायचा, तेवढा तुम्हाआम्हाला वाढदिवसालाही होत नाही.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत ते माझ्या शेजारच्या टेबलावर पीएचडी करत होते. जिवाणूचा डीएनए तुटला की एक एन्झाइम तो सांधतं. दोन जिवाणूंच्या जनुकांची अदलाबदलही त्याच्याच मदतीने होते. यांनी जपलेल्या जिवाणूंत ते एन्झाइमच नव्हतं. त्याच्यावाचून अदलाबदल किती थांबते, हे ते मोजत होते. असे जिवाणू अतिनील दिव्याखाली काही सेकंदांत मरतात, तीच त्यांची ओळख. कुप्यांत त्यांचा नवा साठा केला की त्यातले थोडे प्लेटवर पसरून, अर्धी प्लेट झाकून दिव्याखाली धरायची; झाकलेल्या भागात वाढ हवी, उघड्या भागात काही नको.

झाकायला ते जुनी लग्नपत्रिका घेत.

“आज कुणाची?” आम्ही विचारायचो.

“मामेभावाची. लग्नाला गेलो नाही, पत्रिका तरी कामी येऊन राहिली.”

वडील आजारी पडले म्हणून ते महिनाभर अकोल्याला गेले. साठा माझ्यावर सोपवला. त्या दिवसांत सगळं पुणं संगणक शिकत होतं, मीही संध्याकाळचा क्लास लावला होता. नवा साठा केला, चाचणी उद्यावर टाकली आणि ती राहूनच गेली.

“टेस्ट केली ना?” परत आल्यावर त्यांनी विचारलं.

“हो, केली.” निघून गेलं तोंडून. त्यांनी घरच्या लाडवांचा डबा माझ्यापुढे सरकवला.

दीड वर्ष त्यांचे प्रयोग त्याच साठ्यावर चालले. मग थीसिससाठी चाचणीचा फोटो हवा होता, म्हणून त्यांनी प्लेट केली. सकाळी दोन्ही भाग सारखेच भरलेले. माझ्याच टेबलावरच्या धडधाकट जिवाणूंनी साठा बळकावला होता. दीड वर्षाचे आकडे वाया गेले.

त्यांनी फ्रीझरमधल्या जुन्या कुप्या एकेक करून तपासल्या. चिठ्ठीवर त्यांचं अक्षर असलेल्या कुपीतले मेले, माझं अक्षर असलेल्या कुपीतले जगले. दोन्ही प्लेटा पाहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलेन म्हणून थांबले असावेत. मी वहीत आकडे लिहीत राहिले. आजही त्या क्षणाची लाज वाटते.

“सर, साठा मी तपासून घ्यायला पायजे होता,” ते गाईडना म्हणाले.

“आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती,” सर एवढंच बोलले.

शिष्यवृत्ती संपलेली होती. सगळं नव्याने करायला आणखी दीड वर्ष कुठून आणणार? ते गावी परतले, शिकवण्या घेतात असं कळलं. मी खराडीला सॉफ्टवेअरमध्ये लागले.

प्रयोगशाळा सोडण्याआधी मी तो फ्रीझर उघडला होता. माझ्या कुपीवरची चिठ्ठी काढून त्यांनी स्वतःच्या अक्षरातली लावली होती. तारीख मात्र तीच. त्या दिवशी ते अकोल्यात वडिलांच्या उशाशी बसलेले होते.